सौसरच्या मांडवात जपानी उन्हाळा

विशेषांकासाठी ‘तुमच्या कामाविषयी लिहा’ असं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, पोस्टमनने चुकीच्या घरात टाकलं असेल. कामाविषयी लिहायचं म्हणजे निवृत्त माणूस हवा, निदान पिकलेली मिशी तरी हवी. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सकाळी कॉलेज करतो आणि दुपारपासून सौसरच्या बाजारात बबनभाऊंच्या कॅसेटच्या दुकानात बसतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्यामुळे मी तिथे नक्की काय करतो हे आईला सांगता येत नाही. दुकानात काय करतो हे मात्र ती आमच्या सगळ्या रामाकोना गावाला सांगते. म्हणून दुकानाविषयीच लिहितो.

काम असं असतं. गिऱ्हाईक कागदावर गाण्यांची यादी आणतं आणि आम्ही ती गाणी कोऱ्या कॅसेटमध्ये भरून देतो. मशीनला दोन खण असतात. एकात मूळ कॅसेट वाजते, दुसऱ्यात नवी भरते. दोन गाण्यांच्या मध्ये निवेदन किंवा खरखर असेल तर नेमक्या क्षणी पॉजचं बटण दाबून ती गाळायची. हे बटण दाबणं म्हणजेच आमची कारागिरी. अर्धा सेकंद आधी दाबलं तर गाण्याचं शेपूट तुटतं, नंतर दाबलं तर पुढच्याचं नाक आत येतं. रोज संध्याकाळी कापसाला स्पिरिट लावून मशीनचं हेड, म्हणजे फीत जिथे घासते तो भाग, पुसायचं. कॉलेजात मला अजून कोणी काही विचारलं नाही, पण बटणाच्या बाबतीत बबनभाऊ म्हणतात, ‘‘प्रकाशचा हात साफ हाय.’’ मला त्याचा अभिमान वाटतो. ही गाणी ज्यांची आहेत त्यांना कोणी विचारतं का, हा प्रश्न मला पडतो. तो मी बबनभाऊंना अजून विचारलेला नाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. बोरगावचे एक संत्रावाले काका एकच गाणं दोन्ही बाजूंना लागोपाठ भरून नेतात. मी एकदा भीत भीत म्हटलं, ‘‘काका, मध्ये एखादं दुसरं टाकू का?’’ तर म्हणाले, ‘‘नको बाप्पा. दुसरं लागलं का माही झोप मोडते.’’

लग्नाची कॅसेट भरणं हे वेगळंच काम. पाहुणे येताना एक गाणं, पंगतीला दुसरं, नवरी निघताना तिसरं. पंगतीत फार वेगाचं गाणं लावलं तर वाढणारे पळायला लागतात आणि कढी सांडते. मी हे थट्टेने लिहीत नाही, डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून लग्नाच्या कॅसेटची जबाबदारी मोठी. आणि मागच्या उन्हाळ्यात माझ्यावर जी आली, ती माझ्या माहितीत सौसरमध्ये कोणावरच आलेली नाही.

एप्रिलमधली दुपार होती. बबनभाऊ लाउडस्पीकर घेऊन दुसऱ्या गावी गेलेले. दुकानात शोभा आली, आणि तिच्यामागे तिची वत्सलामावशी, हातात कापडी पिशवी घेऊन. शोभा शाळेत माझ्याच वर्गात होती. तिचे वडील देवाजीकाका नगरपालिकेच्या पाण्याच्या पंपावर कामाला आहेत. मावशी नागपूरला मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाक करते.

शोभाने सरळ विचारलं, ‘‘प्रकाश, तुले जपानी येते न?’’

‘‘मले? कोणं सांगतलं?’’

‘‘सांगाले कायले पाह्यजे? तू कॉलेजात जातं न!’’

मग दोघींनी मिळून, एकमेकींचं वाक्य तोडत, सगळं सांगितलं. शोभाचं लग्न सावरगावच्या मुलाशी ठरलं होतं. मुलाला वडील नाहीत. त्याचे मामाच सगळं पाहतात. मामा हेडमास्तर आहेत, कडक आहेत, आणि धम्माच्या बाबतीत तर फारच कडक आहेत. साक्षगंधाच्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर बजावलं, ‘‘लग्न सादं होईन. सिनेमाचं एक बी गाणं वाजलं, तर मी मांडवातून उठीन. आन् माह्यासंगं सारी वरात उठीन.’’

देवाजीकाका हात जोडून म्हणाले होते, ‘‘मंग काहीच नाही वाजवाचं काय, गुरुजी?’’

‘‘वाजवा न. बुद्धाच्या देशातलं वाजवा! सिलोनचं वाजवा, जपानचं वाजवा.’’

हा टोमणा होता, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळलं. फक्त वत्सलामावशीला कळलं नाही. ती आतून ओरडली, ‘‘जपानचं तं माह्याजवळ हाय!’’

आणि खरंच होतं. वसतिगृहात एक जपानी मुलगी वर्षभर शिकायला राहिली होती. जाताना तिने मावशीला चार कॅसेटी आठवण म्हणून दिल्या. मावशीकडे टेप नव्हता, म्हणून त्या पिशवीतच होत्या.

मी म्हटलं, ‘‘शोभा, साधंच करा न लग्न. एवढा धोका कायले घेता?’’

ती काउंटरवर बोटं वाजवत होती, ती थांबली. ‘‘प्रकाश, या वस्तीत अशी एक पोरगी दाखव का जिच्या लग्नात मी नाचली नाही. आन् माह्याच लग्नात माह्या मैत्रिणी सत्संगाले आल्यासारख्या बसतीन? मी नाचत नाही, मी तं नवरी हाय. पण त्यायले तं नाचू दे! तू नाही म्हणशीन तं दुसरं कोण हाय?’’

इथे मी म्हणायला हवं होतं, की मला जपानीचा ज सुद्धा येत नाही. मी म्हणालो, ‘‘ठेवून जा.’’

चारपैकी तीन कॅसेटींवर नुसती जपानी अक्षरं होती, घराच्या नकाशासारखी. त्यातल्या दोन म्हणजे कोणीतरी धडे वाचत होतं. तिसरीत एक बाई इतकं रडवं गात होती की दुकानासमोरचा चप्पलवाला येऊन विचारून गेला, ‘‘कोण गेलं?’’ चौथी मात्र वेगळी होती. ती बाजारातली नव्हतीच, घरी भरलेली होती. त्या मुलीच्या बहिणीने तिकडून पाठवली होती म्हणे. प्रत्येक गाण्याआधी ती बहीण खुशीत काहीतरी बोलायची. माझ्या मनात आलं, इतक्या लांब, समुद्रापलीकडे, कोणीतरी आमचंच काम करतंय, फक्त पॉजचं बटण दाबायला विसरतंय. कॅसेटला चिकटवलेल्या चिठ्ठीवर इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: ‘नात्सू नो उता’. मावशी म्हणाली, ‘‘हे गर्मीचे गाने हायेत. ती तसंच म्हने, गर्मी का गाना.’’

लग्न मे महिन्यात होतं. उन्हाळ्याची गाणी उन्हाळ्यात, एवढा एक धागा मला सापडला.

पण निवड कशी करायची? मी आमच्या हिंदीच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, ‘‘जपानी का विषय अपने यहाँ नहीं है,’’ आणि थोड्या काळजीने माझ्याकडे पाहिलं. मग मी एक वही केली. ती अजून माझ्याकडे आहे. तिच्यात असं लिहिलेलं आहे: ‘गाणं पहिलं. बाई शांत. मागे पाणी. पाहुणे येताना चालेल. गाणं दुसरं. बासरीसारखं वाद्य. किडे ओरडतात, की वाद्यच आहे? चालेल. गाणं तिसरं. पुरुष हसतो. का हसतो? नको. गाणं पाचवं. मोठा ढोल, खूप माणसं, पोरं ओरडतात. धोका.’

मावशी नागपूरला परत जाण्याआधी दोनदा दुकानात आली. तिला शब्द ठाऊक नव्हते, पण गाणं लागलं की ती जपानी मुलगी काय करायची हे सगळं पाठ होतं. पहिलं लागलं तशी मावशी पदराने वारा घ्यायला लागली. दुसऱ्याला तिने टरबुजाची फोड खाऊन बिया थुंकल्या, म्हणजे हवेतच. चौथ्याला स्वतःच्या गालावर फाडकन मारून म्हणाली, ‘‘मच्छर.’’ मी वहीत लिहिलं: ‘चौथं, डासाचं. लग्नात नको.’

पाचव्याचा ढोल वाजला आणि मावशी उठलीच. दोन पावलं पुढे, एक मागे, दोन्ही हात वर नेऊन एका बाजूला वळवायचे, मग टाळी. काउंटर आणि कपाट यांच्यामधल्या हातभर जागेत ती गोल फिरली. ‘‘ती पोरगी हे करे. साऱ्या होस्टेलच्या पोरी तिच्या मागं. मी बी जाओ, हाताले कणीक तशीच.’’

शोभा दारात उभी होती. तिचा चेहरा पाहून मी वहीतला ‘धोका’ खोडला. पण पुन्हा बारीक अक्षरात लिहिला.

भरताना मी ती बहिणीची निवेदनं सगळी गाळली. लग्नात अनोळखी बाई मध्येच बोलायला नको. पाचव्या गाण्याला मात्र जमेना. तिथे ती ढोल सुरू झाल्यावर त्याच्यावरच ओरडली होती, चिठ्ठीवरचे तेच तीन शब्द, दोनदा. बोलणं काढलं तर ढोल लंगडा होत होता. मी ते राहू दिलं. चिठ्ठीवरचं वाचलेलं असल्यामुळे मला ते जपानीच ऐकू येत होतं. ही माझी चूक. आमच्या धंद्यात वाचून ऐकायचं नसतं.

लग्न सकाळी झालं. पांढरी साडी, पांढरे कपडे, त्रिशरण-पंचशील, सगळं त्या मामांच्या, म्हणजे गुरुजींच्या मनासारखं. मांडवावर जांभळीच्या फांद्या होत्या, तरी ऊन चाळणीतून पडावं तसं पडत होतं. मी कोपऱ्यात टेबलावर मशीन मांडून बसलो होतो. बाहेर खांबावर बबनभाऊंचा जुना भोंगा. गुरुजी पहिल्या रांगेत, खुर्चीच्या टोकावर, काठी उभी धरून, म्हणजे उठायला सोयीचं व्हावं असे बसलेले.

पंगती उठल्यावर, नवरी निघायच्या आधी, देवाजीकाका माझ्याकडे आले. ‘‘लाव बेटा,’’ म्हणाले. त्यांच्या हाताला अजून बुंदीचा वास होता. ‘‘तू पाह्यलं न सारं? बरोबर हाय न?’’

मी मान हलवली. हो की नाही, हे त्या मानेलाही माहीत नव्हतं.

पहिलं गाणं लागलं. शांत बाई, मागे पाणी. मांडवातल्या गप्पा थांबल्या. आणि मग, मी आजही डोळे मिटले की पाहतो, पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या आजीने हात जोडले. तिला पाहून शेजारणीने जोडले. हळूहळू अख्ख्या मांडवाने हात जोडून डोळे मिटले. गाणं संपताच, बुद्धवंदनेनंतर म्हणतात तसं, आजी म्हणाली, ‘‘साधू! साधू! साधू!’’ आणि तीनशे माणसं मागून म्हणाली, ‘‘साधू! साधू! साधू!’’ गुरुजींनीही मान डोलावली.

ते कदाचित पंख्याविषयी होतं.

दुसऱ्या गाण्याला, टरबुजाच्या, तर एका काकांनी डोळे पुसले. शोभा स्टेजवर नवऱ्याशेजारी मान खाली घालून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. लोकांना वाटलं, माहेर सुटतंय म्हणून रडते. मला माहीत होतं, ती हसून हसून मरायला टेकली आहे. आता पुढचं ढोलाचं होतं. बंद करावं का? बटणावर बोट ठेवलं. शोभाने नेमकी तेव्हाच मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. बोट काढलं.

ढोल वाजला. आणि भोंग्यातून, भोंगा जसे सगळ्यांचे शब्द घासून काढतो तसे घासून, त्या बहिणीचा आवाज मांडवभर, वस्तीभर घुमला:

‘‘नाचू नं, उठा! नाचू नं, उठा!’’

मी खरं सांगतो, मला तेव्हा पहिल्यांदा ते ऐकू आलं. शोभाच्या मैत्रिणींनी एकमेकींकडे पाहिलं. एक म्हणाली, ‘‘अवो, बाई काय म्हणून राहिली?’’ दुसरी म्हणाली, ‘‘उठा म्हणून राहिली न!’’ आणि सात-आठ जणी उठल्याच.

गुरुजींनी काठी वर केली. मी घाबरून मशीन थांबवलं.

‘‘पुन्हा लाव,’’ गुरुजी म्हणाले.

पुन्हा लावलं. पुन्हा तेच: नाचू नं, उठा!

‘‘बंद. इकडे ये. ही बाई मराठी बोलून राहिली काय?’’

‘‘नाही, गुरुजी. जपानी.’’

‘‘काय म्हणते?’’

‘‘उन्हाळ्याची गाणी, असं काहीतरी.’’

‘‘काहीतरी? तुले जपानी येते का नाही?’’

देवाजीकाका माझ्याकडे पाहत होते. येते म्हटलं असतं तर निभलं असतं. ही वंदना आहे म्हटलं असतं तर आजीने पुन्हा साधू म्हटलं असतं. पण गुरुजी शाळेतल्या गुरुजींसारखे पाहत होते, आणि अशा पाहण्यापुढे मला आयुष्यात कधी खोटं बोलता आलेलं नाही.

‘‘येत नाही, गुरुजी. एक शब्दही येत नाही.’’

‘‘मंग हे सिनेमाचं नाही, हे तुले कसं मालूम?’’

‘‘मालूम नाही.’’

देवाजीकाका खुर्चीवर बसले. वरातीतल्या दोघा-तिघांनी पिशव्या उचलल्या. आणि मागून वत्सलामावशी, बुंदीचं घमेलं तसंच कमरेवर घेऊन, पुढे आली.

‘‘मले मालूम हाय. त्याले काय विचारता? तो पोट्टा तं तिले भेटला बी नाही. गुरुजी, त्या पोरीच्या गावात गर्मीत तीन दिवस मेलेले माणसं घरी येते. आजी, आजा, सारे. गाववाले विहाराजवळ जमा होऊन त्यायच्यासाठी गोल नाचते. ते हे गानं होय. तिनं मले हातानं सांगतलं. आजी. वर. खाली. घरी. तिची आजी मेलती. हे लागलं का ती नाचे, मंग रडे, मंग पुन्हा नाचे.’’

मावशीला मी हातवारे विचारले होते, अर्थ विचारलाच नव्हता. मला वाटलं होतं, तिला काय ठाऊक असणार.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि काठी आपटली. ‘‘मेलेले माणसं घरी येत नसतात, बाई. ही अंधश्रद्धा होय. जपानात असो का सौसरात.’’

‘‘नसतीन येत,’’ मावशी म्हणाली. ‘‘पण नाचनारे तं जित्तेच होते न, गुरुजी?’’

मग ती साधूवाली आजी खुदकन हसली. मग वरातीत कोणीतरी. नवरदेव, जो सकाळपासून पुतळ्यासारखा बसला होता, त्याने तोंडावर रुमाल धरला. गुरुजींची मिशी हलली, थांबली, पुन्हा हलली.

ते उठले.

देवाजीकाकाही धडपडत उठले. ‘‘गुरुजी, जाऊ नका, गुरुजी...’’

गुरुजींनी काठी त्यांच्या हातात दिली, टोपी सरळ केली आणि मावशीला म्हणाले, ‘‘हात आधी कोणता? उजवा का डावा?’’

नंतर कळलं, हेडमास्तर होण्याआधी ते बारा वर्षं शाळेत कवायत घेत होते. आयुष्यभराची सवय ती. मी कॅसेट मागे नेऊन गाणं लावेपर्यंत त्यांनी मांडवात रांगा केल्यासुद्धा. ‘‘अंतर घ्या! हाताएवढं अंतर! ए निळ्या शर्टवाल्या, तुले वेगळं सांगू काय? दोन पुढं, एक मागं, हात वर, वळवा, टाळी! बाईकडं पाहा, माह्याकडं नका पाहू, मले अजून येत नाही!’’ ढोल सुरू झाला, ती जपानी बहीण ओरडली, आणि यावेळी तीनशे माणसांनी तिला ओरडून उत्तर दिलं: ‘‘उठलो! उठलो!’’ बुंदीचं घमेलं मध्ये ठेवून त्याच्याभोवती सौसर आणि सावरगाव गोल फिरायला लागलं. वाढपी आले, शेजारच्या आळीतले आले, पाण्याचा टँकरवाला टँकर सोडून आला. हात एका बाजूला वळायचे तेव्हा निम्मे दुसऱ्या बाजूला वळायचे आणि एकमेकांच्या तोंडावर बसायचे.

शोभा स्टेजवरच होती. नवरीने कसं उतरायचं? पाय मात्र पांढऱ्या साडीखाली ताल धरत होते. गोल फिरत गुरुजी तिच्यासमोर आले आणि घामाघूम चेहऱ्याने, चिडल्यासारखे म्हणाले, ‘‘सूनबाई, तुमाले काय पत्रिका पाठवा लागते?’’

ती स्टेजवरून पायरी न घेता उतरली. उतरली कसली, उडी मारली. नवरदेवाला हाताला धरून ओढलं. आणि मशीनजवळून जाताना दुसऱ्या हाताने मला.

‘‘मशीन कोण पाहीन?’’ मी म्हटलं.

‘‘पळून जाते काय ते?’’

मला नाचता येत नाही. जपानी येत नाही तितकंच. माझ्यामागे गुरुजी होते आणि ते दर फेरीला माझं मनगट धरून बरोबर बाजूला वळवत होते. किती फेऱ्या झाल्या, आठवत नाही. सगळे गात होते, ज्याला जे सुचेल ते, जपानी म्हणून. आजी तर काय गात होती ते तिलाच ठाऊक, पण सुरात होती.

मध्येच शोभा माझ्या कानाशी ओरडली, ‘‘प्रकाश! कॅसेट कवाची संपली रे!’’

मी कान देऊन ऐकलं. भोंगा खरंच गप्प होता. माझ्या कामात यापेक्षा मोठा अपराध नाही, भर लग्नात मशीन बंद पडू द्यायचं आणि ते दुसऱ्या कोणी सांगायचं. मी टेबलाकडे पळायला वळलो, तर मागून गुरुजींनी शर्ट धरला.

‘‘रांग मोडू नको,’’ ते म्हणाले. ‘‘उजवा हात.’’